सरळ केसांचा हिशेब

कॉस्टिक सोडा म्हटलं की आपल्याला साबणाचा कारखाना आठवतो, नाहीतर तुंबलेली मोरी. हातमोजे घातल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. ‘गुड हेअर’ या २००९ सालच्या माहितीपटात विनोदवीर ख्रिस रॉक एका रसायनतज्ज्ञाला भेटतो. तिथे शीतपेयांचे ॲल्युमिनियमचे डबे या सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवलेले असतात, आणि काही तासांत धातू विरघळून जातो. हाच सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, क्रीममध्ये मिसळून अमेरिकेतल्या लाखो कृष्णवर्णीय स्त्रिया वर्षानुवर्षं डोक्याला लावत आल्या. या क्रीमला रिलॅक्सर म्हणतात. कुरळे केस कायमचे सरळ करणं हे त्याचं काम.

अशा क्रीमचा आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा काही संबंध असावा, ही बातमी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. रिलॅक्सर तोपर्यंत दुकानांत मिळू लागून अर्धशतक उलटून गेलं होतं. इतका उशीर का झाला? कोणत्याही प्रसाधनाचा हिशेब दोन वह्यांत मांडावा लागतो. एका वहीत बाटलीत काय काय आहे ते, आणि दुसरीत ती वापरणाऱ्या शरीराचं पुढे काय झालं ते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत या दोन्ही वह्या फार काळ कोऱ्याच राहिल्या. त्या कशा भरल्या गेल्या आणि त्यांतली कोणती पानं अजून रिकामी आहेत, ते या प्रकरणात पाहू.

केसाच्या आत

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. केस कुरळा उगवतो तो त्याच्या मुळाच्या वळणामुळे, आणि ते वळण टिकून राहतं ते या पुलांच्या बळावर. तापवलेल्या लोखंडी कंगव्याने केस ओढले तर ते सरळ होतात खरे, पण ती उष्णता गंधकाच्या पुलांपर्यंत पोचत नाही, फक्त कमकुवत हायड्रोजन बंध सोडवते. पावसाचे चार थेंब पडले किंवा घाम आला की केस पुन्हा आपल्या मूळ रूपात.

रिलॅक्सरचं तसं नाही. त्याचा पीएच १२ ते १४ च्या घरात असतो. एवढं तीव्र अल्कधर्मी मिश्रण केसाचं बाहेरचं आवरण फुगवून आत शिरतं आणि पुलातल्या गंधकाच्या दोन अणूंपैकी एक काढून टाकतं. उरलेला आखूड पूल केस जसा ताणून धरला असेल त्या स्थितीत पक्का बसतो. मग पाऊस येवो की घाम, केस सरळच राहतो. डोक्यातून उगवणारा नवा केस मात्र कुरळाच असतो, आणि तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दीड-दोन महिन्यांत मुळाशी कुरळा आणि पुढे सरळ अशी जोडणी दिसू लागते. नेमक्या त्या सांध्यावर केस तुटतो, म्हणून नव्या वाढीला पुन्हा क्रीम लावायचं. याला ‘टच-अप’ म्हणतात. अनेकींच्या आयुष्यात हा सहा-आठ आठवड्यांचा फेरा प्राथमिक शाळेच्या वयात सुरू होई आणि साठी उलटेपर्यंत चाले.

केसाचं प्रथिन आणि कातडीचं प्रथिन यांत सोडा भेद करत नाही. म्हणूनच क्रीम लावण्याआधी कपाळाच्या कडेला, कानांवर आणि टाळूवर पेट्रोलियम जेलीचा थर देतात. आदल्या दिवशी डोकं खाजवायचं नाही, कारण नखाचा ओरखडा असेल तिथे आग होते. घड्याळ लावून क्रीम ठेवायचं आणि वेळेत धुऊन काढायचं. एवढं सांभाळूनही टाळू भाजणं, खपल्या धरणं हे इतकं नेहमीचं की त्याची तक्रार करायची असते हेच कित्येकींना ठाऊक नसे. पुढे ‘नो-लाय’ म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड नसलेले रिलॅक्सर आले. त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट ऐन वेळी एकत्र कालवतात आणि त्यातून ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं. नाव सौम्य वाटलं तरी हेही तीव्र अल्कधर्मीच.

भाजण्याची ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने कळीची आहे. धडधाकट कातडी बऱ्याच रसायनांना बाहेरच अडवते, भाजलेली कातडी अडवू शकत नाही. रिलॅक्सरच्या डब्यात सोड्याखेरीज सुगंधी द्रव्यं, परिरक्षकं, तेलं आणि सिलिकॉन असतात. त्यांना आत जायची वाट सोडा मोकळी करून देतो.

केसांवरचे कायदे

एवढा त्रास कोणी हौसेने का सोसेल, असं बाहेरच्याला वाटतं. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

१७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होतं. तिथला गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं की, गुलामगिरीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी डोक्याला फडकं बांधूनच बाहेर पडावं. त्यांच्या केशरचनांकडे गोऱ्या पुरुषांचं लक्ष जातं, ही तक्रार त्यामागे होती. स्त्रियांनी भरजरी, रंगीत रुमाल अशा काही ढंगाने बांधायला सुरुवात केली की फर्मानाचा उद्देश बाजूला राहिला आणि फॅशन तेवढी उरली. पण केस हा सत्तेचा विषय असतो, हे तेव्हाच ठरून गेलं.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण वर्णाची उतरंड तशीच राहिली. उजळ रंग आणि सरळ केस असतील तर काम मिळणं थोडं सोपं जाई. या काळात केसांच्या प्रसाधनांचा धंदा उभा केला तो कृष्णवर्णीय उद्योजकांनीच. पूर्वाश्रमीच्या गुलाम आईबापांच्या पोटी १८६७ साली जन्मलेली सारा ब्रीडलव्ह ही सेंट लुईसमध्ये धुणं धुऊन पोट भरत होती. मादाम सी. जे. वॉकर या नावाने तिने केसांच्या मलमांचा असा पसारा उभारला की १९१९ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या हाताखालून हजारो विक्रेत्या तयार झाल्या होत्या. क्लीव्हलँडचा संशोधक गॅरेट मॉर्गन याने केस सरळ करणारं क्रीम विकायला काढलं. ज्यांना विकतचं परवडत नसे ते घरी लाय, अंडी आणि बटाटे कालवून लेप करत. १९४० च्या दशकात बॉस्टनमध्ये असा लेप डोक्याला लावून घेताना झालेली आग माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात वर्णन केली आहे. पुढे त्यांना तो स्वतःच स्वतःचा केलेला अपमान वाटला.

१९५४ साली शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंद झालेली ती कृष्णवर्णीय मालकीची पहिली कंपनी ठरली. १९७० च्या दशकात व्यापार आयोगाने तिला आपल्या रिलॅक्सरवर लायच्या धोक्याचा इशारा छापायला लावलं. तसंच उत्पादन विकणाऱ्या रेव्हलॉन या बड्या कंपनीवर तीच सक्ती बऱ्याच उशिराने आली, आणि मधल्या काळात इशाऱ्याचा डबा एकाच्याच नावावर राहिल्याने जॉन्सन यांचा बाजार घसरला. धोक्याची सूचना देणं रास्तच होतं, पण ती देताना कोणाला आधी धरलं हेही पाहण्यासारखं आहे.

‘मग केस जसे आहेत तसे ठेवा ना’ हा सल्ला सोपा आहे. २०१० साली अलाबामातल्या मोबिल शहरात एका तरुणीला मिळालेली नोकरी परत घेण्यात आली, कारण तिने केसांच्या जटा कापायला नकार दिला. प्रकरण केंद्रीय अपील न्यायालयात गेलं. २०१६ मध्ये न्यायालयाने म्हटलं की, केशरचना बदलता येते, वंश बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नव्हे. या विचारसरणीला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन ॲक्ट’ केला. नोकरीत आणि शाळेत नैसर्गिक केसांवरून भेदभाव करता येणार नाही, असं सांगणारा हा पहिला राज्य कायदा. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. तरीही टेक्सासमध्ये कायदा लागू झाल्यावर काही महिन्यांतच, २०२४ च्या फेब्रुवारीत, एका न्यायाधीशाने असा निकाल दिला की, केसांच्या लांबीवरून विद्यार्थ्याला शिक्षा करणं या कायद्यात बसतं. म्हणजे केस विंचरण्याच्या पद्धतीला संरक्षण आहे, पण ते किती वाढवायचे हे शाळा ठरवणार.

नोकरी, शाळेतलं नाव आणि पहिल्या भेटीत मिळणारा मान या साऱ्याच्या बदल्यात जे क्रीम वापरलं जातं, त्याला केवळ आवड म्हणता येत नाही.

काय दिसलं आणि काय नाही

आता दुसरी वही. कर्करोगासारखे आजार प्रसाधन लावल्यावर दुसऱ्या दिवशी होत नाहीत. ते दहा-वीस वर्षांनी दिसतात, आणि तोवर बाटली कचऱ्यात गेलेली असते. म्हणून हजारो निरोगी स्त्रियांना आधी प्रश्न विचारायचे, उत्तरं नोंदवून ठेवायची आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीचा मागोवा घ्यायचा, हा एकच मार्ग उरतो.

अमेरिकी सरकारच्या पर्यावरणीय आरोग्य संस्थेने २००३ ते २००९ या काळात ‘सिस्टर स्टडी’साठी ५०,००० हून अधिक स्त्रियांची नोंदणी केली. ज्यांच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता पण ज्यांना स्वतःला झाला नव्हता, अशा या स्त्रिया. २०२२ मध्ये ॲलेक्झांड्रा व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांपैकी ३३,९४७ जणींची माहिती मांडली. जवळपास ११ वर्षांत त्यांच्यातल्या ३७८ जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या अडीच पट आढळलं.

‘अडीच पट’ वाचून छाती दडपते, म्हणून तोच आकडा दुसऱ्या तऱ्हेने वाचायला हवा. कधीच न वापरणाऱ्या शंभर जणींपैकी सत्तर वर्षांच्या वयापर्यंत सुमारे १.६४ जणींना हा कर्करोग होईल, तर वारंवार वापरणाऱ्या शंभर जणींपैकी ४.०५ जणींना. म्हणजे रिलॅक्सर वापरणाऱ्या बहुतेक स्त्रियांना हा आजार होणार नाही. पण लाखो स्त्रिया एकच गोष्ट वापरत असतील, तर शंभरामागे दोन-अडीच जणींची वाढ ही लहान गोष्ट राहत नाही. या अभ्यासात धोका गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये वेगवेगळा दिसला नाही. फरक होता तो वापरात. सहभागी स्त्रियांत कृष्णवर्णीय होत्या जेमतेम ७.४ टक्के, पण गेल्या वर्षभरात केस सरळ केल्याचं सांगणाऱ्यांत त्या ६० टक्के होत्या. केस रंगवण्याचा मात्र गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

एका अभ्यासावर विसंबून चालत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या ‘ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी’ने २०२३ मध्ये ४४,७९८ कृष्णवर्णीय स्त्रियांचा २२ वर्षांपर्यंतचा मागोवा प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी रिलॅक्सर दीर्घकाळ किंवा वारंवार वापरला होता, त्यांच्यात गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक वाढलेलं दिसलं. पाळी चालू असलेल्यांत असा संबंध दिसला नाही. त्याआधी २०१२ मध्ये याच अभ्यासातून रिलॅक्सर आणि फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठी, यांचा सौम्य संबंध लॉरेन वाइझ यांच्या गटाने दाखवला होता. फायब्रॉइडची व्याप्ती एवढी की, पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना त्या झालेल्या असतात. अतिरक्तस्राव, ॲनिमिया आणि कित्येकदा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हे त्यांचे परिणाम.

स्तनाच्या कर्करोगाचं चित्र इतकं स्पष्ट नाही. २०१९ मध्ये सिस्टर स्टडीत कायमस्वरूपी केसरंग वापरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांत त्याचं प्रमाण ४५ टक्क्यांनी अधिक दिसलं, गोऱ्या स्त्रियांत अवघ्या ७ टक्क्यांनी. याउलट बॉस्टनच्या अभ्यासात रिलॅक्सर आणि स्तनाचा कर्करोग यांचा एकंदर संबंध दिसला नाही, फक्त पंधरा वर्षांहून अधिक काळ, वर्षातून सात वेळा किंवा जास्त, लाययुक्त रिलॅक्सर वापरणाऱ्यांत विशिष्ट प्रकारच्या कर्करोगात वाढ आढळली.

या साऱ्यातून ‘रिलॅक्सरमुळे कर्करोग होतो’ असं सिद्ध होत नाही. रिलॅक्सर वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांत वजन, बाळंतपणं, उत्पन्न असे इतर फरक असतात. संशोधक ते गणिताने वजा करतात, पण सगळेच वजा होतात असं नाही. शिवाय सिस्टर स्टडीच्या प्रश्नावलीत कोणता ब्रँड, कोणतं घटकद्रव्य हे विचारलेलंच नव्हतं. त्यामुळे दोष असलाच तर नेमका कशाचा, हे या आकड्यांवरून कळत नाही. संशय मुख्यतः आहे तो संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या द्रव्यांवर. गर्भाशयाच्या अस्तराची वाढ इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर होते, आणि पॅराबेनसारखी परिरक्षकं क्षीण का होईना, इस्ट्रोजेनची नक्कल करतात. थॅलेट नावाची द्रव्यं सुगंध टिकवतात आणि तीही संप्रेरकांच्या वाटेत येतात. एका डब्यातली मात्रा नगण्य असेल, पण ती दर सहा आठवड्यांनी, तीस वर्षं, भाजलेल्या टाळूवर पडते.

यात आणखी एक खबरदारी. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण येण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. गर्भाशयाच्या कर्करोगात मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. यामागे उशिरा होणारं निदान, उपचारांतला दुजाभाव, विम्याचा अभाव आणि कर्करोगाचे अधिक आक्रमक प्रकार आहेत. सगळा भार एका क्रीमवर टाकला तर रुग्णालयांची जबाबदारी सुटते, आणि तेही बरोबर नाही.

डब्यावर न छापलेलं

पहिली वही उघडायला प्रयोगशाळेत जावं लागलं. मॅसॅच्युसेट्समधल्या सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया वापरत असलेली केसांची १८ उत्पादनं तपासली. संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी किंवा दम्याशी निगडित अशी ६६ द्रव्यं त्यांनी शोधली, त्यांपैकी ४५ सापडली. सापडलेल्यांपैकी ८४ टक्के द्रव्यांचा डब्यावर उल्लेख नव्हता. युरोपीय महासंघात बंदी असलेल्या किंवा कॅलिफोर्नियात नियंत्रित असलेल्या पाच द्रव्यांचं सर्वाधिक प्रमाण मिळालं ते लहान मुलींसाठी विकल्या जाणाऱ्या दोन रिलॅक्सरमध्ये.

उल्लेख नसणं हे बहुतांशी कायदेशीर आहे. अमेरिकी कायद्यानुसार सुगंध हे व्यापारी गुपित मानलं जातं. ‘फ्रेग्रन्स’ हा एक शब्द छापला की त्यामागची डझनावारी द्रव्यं सांगावी लागत नाहीत. पार्लरसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या डब्यांवर तर घटकांची यादी देण्याचीही केंद्रीय सक्ती नव्हती. कॅलिफोर्नियाने ती २०२० पासून केली. म्हणजे दिवसभर हे क्रीम हाताळणारी केशकर्तनकार सर्वांत अंधारात. केशकर्तनाच्या व्यवसायात होणारा रसायनांचा संपर्क हा ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फार पूर्वीच नोंदवलं आहे.

लहान मुलींबाबत पहिला इशारा एका डॉक्टरच्या दवाखान्यात मिळाला होता. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या लष्करी रुग्णालयातले बालसंप्रेरकतज्ज्ञ चंद्र तिवारी यांनी १९९८ मध्ये चार कृष्णवर्णीय मुलींची नोंद प्रसिद्ध केली. अगदी लहान वयातच त्यांच्यात वयात येण्याची लक्षणं दिसू लागली होती. चौघींच्याही घरी इस्ट्रोजेन किंवा वार, म्हणजे प्लासेंटा, घातलेली केसांची प्रसाधनं वापरली जात होती. वापर थांबवल्यावर लक्षणं ओसरू लागली.

केस सरळ करण्याच्या आणखी एका पद्धतीत फॉर्मल्डिहाइड वापरतात. ब्राझीलहून आलेली ही ‘केराटिन’ पद्धत पुण्या-मुंबईच्या पार्लरांतही आता परिचित आहे. क्रीम लावून गरम इस्त्री फिरवली की वायू बाहेर पडतो. फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग करणारं द्रव्य म्हणून निश्चित झालेलं आहे. शरीरात आत जायला त्याला टाळूची गरज नाही, ते श्वासातून जातं. रिलॅक्सर सोडून वेण्यांकडे वळलेल्यांनाही पूर्ण सुटका नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने वेण्यांत गुंफायच्या कृत्रिम केसांची दहा उत्पादनं तपासली. दहाही उत्पादनांत कर्करोगकारक द्रव्यं सापडली, आणि नऊंमध्ये शिसं.

पावडरचीही गोष्ट अशीच. टाल्कम पावडर आणि अंडाशयाचा कर्करोग यांच्या संबंधावर दीर्घकाळ वाद आहे. २०२४ मध्ये टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात गेलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या अंतर्गत कागदपत्रांवरून रॉयटर्सने २०१९ मध्ये दाखवलं की, शंका वाढत असताना कंपनीने कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी स्त्रियांकडे विक्रीचा रोख वळवला होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेने २०२१ मध्ये त्यावरून दावा लावला. कंपनीने आरोप फेटाळले, आणि २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली.

वर्णाच्या उतरंडीवर चालणारा हा बाजार आपल्याकडेही आहे, फक्त इथे केसांऐवजी कातडीचा रंग विकला जातो. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढत त्यांच्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत धडक मारली. तपासणीत त्यात पारा मर्यादेच्या कित्येक पटींनी सापडला. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला रोखतो, म्हणून कातडी उजळते. तोच पारा रक्तातून मूत्रपिंडात जातो. आफ्रिकेत आणि अमेरिकेतल्या स्थलांतरित वस्त्यांतही अशी क्रीमं विकली जातात.

कायद्याची चाल

अमेरिकेत प्रसाधनांवरचा मूळ कायदा १९३८ चा. त्यानुसार रंगद्रव्यं सोडली तर कोणतंही प्रसाधन विकण्याआधी अन्न व औषध प्रशासनाची परवानगी लागत नाही, आणि सदोष माल परत मागवण्याचा अधिकारही प्रशासनाला नव्हता. ८४ वर्षांनी, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, नवा कायदा झाला. आता कारखान्यांची आणि उत्पादनांची नोंद करणं आणि गंभीर दुष्परिणाम कळवणं सक्तीचं आहे, सुगंधातली ॲलर्जी आणणारी द्रव्यं उघड करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि माल परत मागवण्याचा अधिकारही प्रशासनाला मिळाला आहे. विक्रीपूर्व परवानगी मात्र अजूनही लागत नाही. युरोपात सोळाशेहून अधिक द्रव्यांवर बंदी आहे, अमेरिकेत केंद्रीय पातळीवर बंदी वा मर्यादा आहे ती ११ द्रव्यांवर. ही तुलना थोडी फसवी आहे, कारण युरोपच्या यादीतली बरीच द्रव्यं कोणी प्रसाधनात घालणारच नाही. पण फॉर्मल्डिहाइड त्या यादीत आहे, आणि ते घातलं जातं.

२०२३ च्या मार्चमध्ये अयाना प्रेसली आणि शॉन्टेल ब्राऊन या दोन काँग्रेस सदस्यांनी केस सरळ करणाऱ्या रसायनांची चौकशी करा, असं प्रशासनाला लिहिलं. त्याच वर्षी प्रशासनाने अशा उत्पादनांतल्या फॉर्मल्डिहाइडवर बंदी घालण्याचा इरादा जाहीर केला आणि प्रस्तावासाठी २०२४ च्या एप्रिलचा मुहूर्त धरला. तो टळला, आणि त्यानंतरचेही टळत गेले. शिवाय हा प्रस्ताव आला तरी लाय आणि नो-लाय रिलॅक्सर त्याच्या बाहेरच राहतात, कारण त्यांचं काम फॉर्मल्डिहाइडवर चालत नाही. दरम्यान हजारो स्त्रियांनी कंपन्यांवर दावे लावले आहेत. २०२३ पासून ते शिकागोच्या केंद्रीय न्यायालयात एकत्र चालू आहेत, आणि कंपन्या आरोप नाकारत आहेत.

बाजार कायद्यासाठी थांबला नाही. २०१० च्या सुमारास कृष्णवर्णीय स्त्रियांनी यूट्यूबवर एकमेकींना शिकवायला सुरुवात केली: रिलॅक्सर लावलेला भाग कापून टाकणारा ‘बिग चॉप’ कसा करायचा, नव्या कुरळ्या केसांना तेल-पाणी कसं द्यायचं, आणि कचेरीत कोणी टोकलं तर काय उत्तर द्यायचं. रिलॅक्सरची विक्री तेव्हापासून घसरत गेली. थांबण्याचा उपयोग होतो का, याची छोटी चुणूक कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी दिसली. २०१६ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या किम हार्ली यांच्या अभ्यासात १०० लॅटिना मुलींना तीन दिवस कमी रसायनांची प्रसाधनं दिली. त्यांच्या लघवीतलं मिथाइल पॅराबेनचं प्रमाण ४४ टक्क्यांनी उतरलं. अशी द्रव्यं शरीर लवकर बाहेर टाकतं. तीस वर्षांत जे होऊन गेलं ते मात्र तीन दिवसांत पुसलं जात नाही.

आज आपल्याला जेवढं माहीत आहे त्याचा मोठा भाग एका विशिष्ट निर्णयामुळे माहीत आहे. १९९५ साली लिन रोझेनबर्ग, ज्युली पामर आणि हॉवर्ड विद्यापीठाच्या ल्युसिल ॲडम्स-कॅम्बेल यांनी फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तोवरच्या मोठ्या अभ्यासांत या स्त्रिया इतक्या थोड्या असत की त्यांच्याविषयी वेगळं काही सांगताच येत नसे. स्त्रिया शोधायच्या कुठे, तर प्रामुख्याने ‘इसेन्स’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीत. रिलॅक्सरच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकाच्याच यादीतून रिलॅक्सरचा हिशेब मांडणाऱ्या ५९,००० स्त्रिया मिळाल्या. दर दोन वर्षांनी त्या प्रश्नावली भरून पाठवत राहिल्या. १९९७ च्या प्रश्नावलीत विचारलं होतं: रिलॅक्सर कितव्या वर्षी सुरू केलात, वर्षातून किती वेळा लावता, टाळू कधी भाजली होती का? हे प्रश्न सुचायला हा फेरा ठाऊक असणारं कोणीतरी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलं असावं लागतं. २०१२ चं आणि २०२३ चं उत्तर त्या एका पानातून आलं. ज्या प्रसाधनांविषयी अजून कोणी असं पान छापलेलं नाही, ती सुरक्षित ठरत नाहीत. त्यांचा हिशेब व्हायचा आहे, एवढंच.